नावडत्या गाण्यांचे मास्तर

आवडतं गाणं शिकणाऱ्याच्या हातात कधीही देऊ नये, असं मानणारा ड्रमचा मास्तर या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल आणि तो नेमका माझा घरमालक आहे. मी मूळचा रिठदचा. वाशीमला कचेरीत बदली झाली, बायकोची शाळा रिठदला, म्हणून आठवड्याचे पाच दिवस एकट्याने राहायला खोली हवी होती. ती मिळाली एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. खोली दाखवताना मालकांनी नळ सोडून दाखवला नाही की पंखा लावून दाखवला नाही. भिंतीवर दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "ऐका. भिंत बोलते का नाई? पोकळ भिंतीचं घर आमी भाड्यानं देतच नाई." तेवढ्यात खालून धडाडधुम असा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत खोलीच्या दाराची कडी आपोआप खाली पडली. मी दचकलो. मालक शांतपणे म्हणाले, "काई नाई, वकीलसाहेब हायेत. मधले हायेत."

हा 'मधला' प्रकार मला पुढे कळला. मालकांनी यच्चयावत मानवजातीचे तीन भाग केले आहेत: कच्चे, मधले आणि पक्के. कच्च्याला कोणतंही गाणं द्या, त्याला तसंही येत नाही. पक्क्याला कोणतंही द्या, तो वाजवतोच. जोखीम सगळी मधल्याची. "मधल्याले वाटते का आपल्याले येते," ते सांगत, "आन् येत त नाई. अशा मानसाच्या हातात चुकीचं गानं देल्लं त तो जन्मभर मधलाच राह्यते." हे वाक्य ते माझ्याकडे रोखून पाहत का म्हणत, ते तेव्हा कळलं नव्हतं. महिन्याभरात मीही काड्या हातात घेऊन दुकानामागच्या ड्रमच्या खोलीत बसलो आणि वर्षभरात मधला झालो. त्याला आता पाच वर्षं झाली, आजही मी मधलाच आहे.

आता एक भांडेवाला शेठ ड्रमकडे वळलाच कसा, ते सांगितलं पाहिजे. मालकांचं घराणं जैन. लहानपणी त्यांना ढोलकीचं वेड लागलं, पण ढोलकीला कातडं असतं, म्हणून आईने हात लावू दिला नाही. तबल्याला कातडं, मृदंगाला कातडं, संबळाला कातडं. पोराने जेवण सोडलं तरी आई बधली नाही. मग एका लग्नात बँडबरोबर ड्रमसेट आला. हा जवळ जाऊन बघतो तर ड्रमच्या तोंडावर प्लॅस्टिक! तसाच धावत घरी आला आणि ओरडला, "आई, ह्याले कातडं नाई!" आई म्हणाली, "मंग वाजव बाप्पा, पन अंधाराच्या आंधी जेवाले ये." तेव्हापासून आजतागायत मालक ड्रम वाजवतात आणि सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्यामुळे त्यांचा वर्ग जगातल्या कुठल्याही संगीतवर्गापेक्षा लवकर सुटतो. विद्यार्थी ऐन रंगात आलेला असला तरी आतून त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, ताट वाढल्याची हाक दिली की मालक त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतात.

दुकानातही त्यांचं लक्ष भांड्यांपेक्षा त्यांच्या आवाजावर. एखादी बाई गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला आली तर हे आधी तो गंज कानाशी धरून वाजवणार, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. एकदा इंझोरीच्या एका बाईंना त्यांनी हंडा द्यायलाच नकार दिला. बाई म्हणाल्या, "मले त्यात पानी भराचं हाये, वाजवाचा नाई." हे म्हणाले, "पन पानी भरतांनी तो वाजनच ना! रोज सकायी असा बसका आवाज ऐकान त दिवस कसा जाईन तुमचा?" बाईंनी रागारागाने समोरच्या दुकानातून हंडा घेतला. दोन दिवसांनी तोच हंडा घेऊन त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हा पाहा बरं कसा वाजते." मालकांनी वाजवून पाहिला, डोळे मिटले आणि समोरच्या दुकानदाराकडे दयेने पाहिलं. बाईंना ड्रमचा नाद लागला तो तिथून. त्या शिक्षिका निघाल्या आणि पुढे आमच्या वर्गात आल्या.

दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत मालक ड्रमला हात लावत नाहीत, पण वर्ग बंद ठेवत नाहीत. त्या दिवसांत आम्ही मांडीवर काड्या ठेवून बसायचं आणि गाणं मनातल्या मनात वाजवायचं. खोलीत चिडीचूप. मालक समोर बसून एकेकाचं तोंड न्याहाळणार. मध्येच बोट दाखवणार, "वकीलसाहेब, चुकले!" आणि नवल असं, की वकीलसाहेब खरोखरच चुकलेले असत. पहिल्या वर्षी मला हे थोतांड वाटलं. दुसऱ्या वर्षी मनातल्या मनात मुद्दाम चुकून पाहिलं. मालकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि म्हणाले, "हे चुकनं नाई. ह्याले मस्ती म्हनतात."

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचं गाणं निवडणं. नवा मधला विद्यार्थी झाला की ते त्याला खुर्चीवर बसवत, नाडी पाहिल्यासारखं मनगट हातात धरत आणि विचारत, "तुमाले कोनतं गानं बिलकुल आवडत नाई?" माणूस मोठ्या हौसेने सांगायचा आणि तेच गाणं त्याच्या गळ्यात पडायचं. वकीलसाहेबांना संथ भक्तिगीतं ऐकवत नसत, त्यांना पहाटेची एक भूपाळी मिळाली. वकीलसाहेबांचा दोष असा, की कोर्टात त्यांचं एकही काम पुढे सरकत नाही आणि इथे त्यांचा ताल एका जागी थांबत नाही. भूपाळी इतकी धावत निघे, की देवाला तोंड धुवायलाही सवड मिळत नसेल. इंझोरीच्या बाईंना वरातीतल्या धांगडधिंग्याचा तिटकारा, त्यांना तोच मिळाला. एका ऑटोवाल्याला रडकी गाणी सोसत नसत. त्याला असं दुःखी गाणं मिळालं की तो स्टेशनपर्यंत सवारी नेताना ते गुणगुणत ऑटो हळू चालवू लागला आणि लोकांच्या गाड्या सुटू लागल्या.

यामागचा सिद्धांत मालकांनी एकदा भूपाळीच्या गोंगाटात मला समजावून सांगितला. "आवडतं गानं देल्लं का मानूस ऐकत बसते, हात आपोआप चालते, चूक समजत नाई. नावडतं देल्लं का तो गान्याकडे पाह्यतच नाई, हाताकडे पाह्यते. आन् दुसरी गोष्ट. मधला मानूस एक गानं हजार डाव वाजोते. हजार डाव घासलं त पितयेचं भांडं उजयते, रिठदवाले, पन गानं झिजते. मंग कायले आपलं चांगलं गानं झिजवाचं?" मालक बाहेरगावच्या माणसांना गावाच्या नावानेच हाक मारतात.

हा सिद्धांत ऐकूनही मी शहाणा झालो नाही. माझं एक फार लाडकं गाणं होतं. जुन्या हिंदी चित्रपटातलं, नायक होडीत बसून म्हणतो ते. शनिवारी मोटारसायकलवरून रिठदला जाताना मी ते मोठमोठ्याने म्हणायचो आणि शेवटचं कडवं संपता संपता गावची शीव यायची. तेच वाजवायला मिळावं म्हणून मी चक्क खोटं बोललो. मनगट मालकांच्या हातात होतं, मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "होडीवालं ते गाणं आहे ना, ते कानावर पडलं तरी माझं डोकं उठतं." मालकांनी मला वरपासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "अरेरे. मंग तेच घ्या."

पहिला आठवडा स्वर्गात गेला. दुसऱ्या आठवड्यात मालकांनी गाण्यातला शब्दांचा भाग काढून टाकला आणि दोन कडव्यांच्या मधली तेवढी जागा रोज चाळीस वेळा वाजवायला लावली. तिसऱ्या महिन्यात मला होडीची शिसारी बसली. सहाव्या महिन्यात नायकाचीही बसली. दिवाळीनंतर गावात एका लग्नाला गेलो होतो, पंगतीत पहिला घास हातात घेतला आणि बँडवाल्यांनी तेच गाणं सुरू केलं. मी पानावरून उठून जो निघालो तो थेट तुरीच्या वावरात जाऊन उभा राहिलो. बायकोला वाटलं, नवरदेवाच्या बापाशी माझं काहीतरी बिनसलं. सोमवारी वाशीमला येऊन मी मालकांसमोर सगळं कबूल केलं.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "आवडत नाई म्हनतांनी तुमचा पाय त तालावर हालून राह्यला होता."

"मग दिलंत कशाला?"

"खोटं बोलनाऱ्याले काई त सजा पायजे का नाई?" असं म्हणून ते हसले, पण लगेच गंभीर झाले. गाण्यांची एक जाड वही त्यांच्याकडे असते, कोणत्या दोषाला कोणतं गाणं ते त्यात लिहिलेलं. त्यांनी ती उघडून शेवटचं पान दाखवलं. पानाची घडी घालून तिला वरून टाचणी लावलेली. "हे गानं मी चाळीस वर्सांत कोनाले देल्लं नाई, सोता वाजवलं नाई. तुमची काकू लगन होऊन आली तवा हे रेडिओवर लागे आन् ते ऐकतांनी तिच्या भाकरी करपत. रोज करपत. मले आवडे. तिनं किती डाव म्हनलं, वाजवा म्हनून. म्या म्हनलं, नाई. वाजवलं का झिजन."

काकूंविषयी मी अजून काही सांगितलं नाही, कारण काकू स्वतः फारसं सांगत नसत. चाळीस वर्षं त्या ड्रमच्या शेजारच्या खोलीत स्वयंपाक करत आल्या आहेत आणि तालात कोण कुठे चुकला ते त्यांना वर्गातल्या कुणाहीपेक्षा आधी कळतं. माझ्याकडून चूक झाली की आतून काकूंचा आवाज यायचा, "रिठदवाले भाऊ, चुकले!" तीच आमची परीक्षा होती.

गेल्या वर्षी काकूंची डाळ करपायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मग माझ्या लक्षात आलं, की कुकरची शिट्टी त्यांना ऐकूच येत नाही. फोनची रिंग ऐकू येईना, दाराची घंटा ऐकू येईना. मात्र दुकानात कुणी मोठं घमेलं आपटलं की त्या लगेच बाहेर डोकावत. मालक म्हणायचे, "ऐकू येते तिले, ती ऐकत नाई. चाळीस वर्सांचा अनुभव हाये माहा." शेवटी इंझोरीच्या बाईच काकूंना अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागाहून जातात आणि हे हळूहळू वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानात घालायचं मशीन दिलं. काकूंनी ते दोन दिवस घातलं आणि तिसऱ्या दिवशी मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत ठेवून दिलं. "त्यानं ह्यायच्या ड्रमच्या झांजा डोक्यात शिरतात," त्या मला म्हणाल्या. "आता कुठं घरात जराशी शांतता झाली, त मशीन कायले घालू?"

 पुढच्या मंगळवारी सकाळी सातला मालक काड्या घेऊन वर माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "रिठदवाले, तुमची उशी द्या." मी दिली. त्यांनी ती मांडीसमोर ठेवली, शेजारी माझी गादी गुंडाळून उभी केली, मोबाइलवर अगदी हळू आवाजात एक गाणं लावलं आणि उशीवर वाजवायला सुरुवात केली. टाचणीखालचं गाणं! अंगणात उभी राहून वाट बघणाऱ्या एका बाईचं साधंसं भावगीत. असा माणूस मी पाहिला नव्हता: चाळीस वर्षं काड्या धरलेला हात आणि पहिल्याच ओळीला अडखळला. मला आतून गुदगुल्या झाल्या. मी म्हणालो, "शेठजी, चुकले." ते म्हणाले, "माहीत हाये. ह्या गान्यात मी कच्चा हाये."

मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हा कार्यक्रम सुरू झाला. महिन्याभरात माझ्या उशीतला कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला आणि मी मान वाकडी करून कचेरीत जाऊ लागलो. साहेबांना वाटलं, मी त्यांच्याकडे तिरप्या नजरेने पाहतो. त्यांनी माझी सुट्टी नामंजूर केली. मालक मात्र इतक्या जपून वाजवत, की उशीलाही कळू नये. जिन्यात जरा पाऊल वाजलं की काड्या सदऱ्याखाली लपवत. "तिले समजाले नको, पक्कं झालं म्हनजे मंग सांगू," असं म्हणत. एक दिवस मानेची कळ असह्य झाली आणि मी बोलून गेलो, "शेठजी, रागावू नका, पण काकूंना शिट्टी ऐकू येत नाही. ही उशी त्यांना काय ऐकू येणार? खाली जाऊन खुशाल ड्रमवर वाजवा की!"

मालकांच्या काड्या थांबल्या. गाणं तसंच चालू राहिलं. ते म्हणाले, "ते मले समजते, रिठदवाले. पन मी खाली वाजवीन, आन् ती इचारनच नाई का हे काय वाजून राह्यलं म्हनून... त मंग म्या काय कराचं?"

 मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला आणि माझ्या उशीची मला लाज वाटली. मी नुसता उठून मोबाइल बंद केला.

त्यानंतर मात्र मालक जे पेटले ते विचारू नका. हातात वही घेऊन त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी गाणं तपासलं. बारीक आवाज जातात ना, मग झांजा हव्यात कशाला? सगळ्या झांजा काढून पोत्यात भरल्या. पायाने वाजतो तो मोठा ढोल आणि त्याच्या बाजूचा जाड आवाजाचा ड्रम, एवढंच ठेवलं. ड्रमखालची सतरंजी काढून ढोल सरळ फरशीवर टेकवला, म्हणजे ठोका जमिनीतून जाईल. मग दुकानातलं एकेक भांडं आणून त्यात मोबाइल ठेवून पाहिला: गंज, हंडा, परात, कळशी, इडलीचं पात्रसुद्धा. वकीलसाहेब, ऑटोवाला, बाई आणि मी, सगळे कानात कापूस कोंबून बसलो होतो, कारण मालकांचा हुकूम होता, "काकूचे कान करून ऐका." शेवटी एक जुनं पितळेचं घंगाळ निघालं. त्यात मोबाइल ठेवला की गाण्याचा आवाज जाड होऊन येई. एक गिऱ्हाईक त्याच वेळी घंगाळ मागायला आलं. मालकांनी त्याला घंगाळंच संपली म्हणून सांगितलं. हा माणूस खोटं बोलताना मी तेव्हा एकदाच पाहिला.

त्या रविवारी मी रिठदला गेलोच नाही. दुपार कलता कलता काकूंना बोलावलं. त्या पिठाच्या हातांनीच आल्या. "काहून बोलावलं? जेवाची वेळ होऊन राह्यली, पोया राह्यल्या माह्या!" मालकांनी खुणेनेच चपला काढायला सांगितल्या. काकू अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या, एक हात कमरेवर. घंगाळातून गाणं सुरू झालं. काकूंच्या चेहऱ्यावर काही नाही. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. आम्ही चौघे श्वास रोखून उभे. मालक वाजवत होते, पण नजर काड्यांवर नव्हती, काकूंच्या पायांवर होती. पहिलं कडवं संपलं. दुसरं अर्ध्यावर आलं. आणि काकूंच्या उजव्या पायाचा अंगठा उचलला गेला, खाली आला, पुन्हा उचलला गेला.

मालकांनी ते पाहिलं आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्यांचा ठोका सपशेल चुकला.

"चुकले!" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्स थांबवलं आन् आता वाजवाले बसले त चुकवून राह्यले!" बोलता बोलता त्यांचा पिठाचा हात डोळ्यांना लागला आणि पापण्या पांढऱ्या झाल्या. वकीलसाहेब उगाचच खिडकीबाहेर बघू लागले. मालक मात्र हसत होते, काड्या खाली ठेवून पोट धरून हसत होते. त्या दिवशी पोळ्या इंझोरीच्या बाईंनी लाटल्या.

याला आता बरेच महिने झाले. मालकांचा एक नियम आहे: गाणं पक्कं झालं की ते सोडायचं आणि नवं घ्यायचं. हे गाणं त्यांनी सोडलेलं नाही. रोज जेवणाआधी ते एकदा वाजवतात आणि रोज तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्याच जागी चुकतात. मी एकदा विचारलं, "शेठजी, अजून बसलं नाही?" ते म्हणाले, "नाई ना. मधला हाये मी ह्यात." गाणं झिजलं का, तेही विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून राहू दिलं.

परवा मी कचेरीतून येऊन खोलीत पडलो होतो. खाली गाणं सुरू झालं. तिसरं कडवं आलं, मालक नेहमीच्या जागी चुकले आणि स्वयंपाकघरातून काहीच आलं नाही. मी उठून बसलो. गाणं थांबलं. क्षणभर खालून कसलाच आवाज नव्हता, भांड्याचा नाही की पावलांचा नाही. मग मालकांनी तेवढीच ओळ पुन्हा घेतली, पायातला ढोल आधीपेक्षा जोरात, माझ्या दाराची कडी खाली पडली इतक्या जोरात, आणि पुन्हा त्याच जागी चुकले.

"चुकले!" काकू ओरडल्या. "आन् जेवाले या आता, दिवस बुडून राह्यला!"

मी पुन्हा आडवा झालो. मान अजून थोडी दुखते, पण नवी उशी मी घेतलेली नाही.